अळणी, पण गरम

"वहिनी, गॅस का बंद आहे?" धाकट्या दिराने दारातूनच विचारलं.

"पेटवला नाही म्हणून," शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता वहिनी म्हणाली.

एकतीस वर्षं सुट्टीचं जेवण तिच्याच घरी. माणसं पंचवीस, हात दोन. तिच्या फोडणीच्या वासाने म्हणे एकदा पोस्टमन आत शिरला, दोनदा भात घेऊन जेवला आणि पत्र खिशातच विसरला. यंदा मात्र तिने वाटणी केली. भाजी मधल्या दिराकडे, भात धाकट्याकडे, गोड नणंदेकडे. ताटं-पाणी आपल्याकडे.

सगळे हो म्हणाले. मग एकेकाचा गुपचूप फोन आला, "आमच्या वाटणीचं तेवढं तूच टाक ना. बाकीच्यांजवळ बोलू नकोस."

वहिनीने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "नाही बोलणार."

शब्दाला पक्की बाई. नाहीच बोलली. आता बाहेरच्या खोलीत सगळे हात हलवत उभे, एकमेकांच्या हातातल्या पिशव्या शोधत.

"अगं, पण तू हो म्हणालीस ना?" नणंद म्हणाली.

"कधी?"

नणंदेने आठवून पाहिलं. वहिनीचा नवरा पेपरामागे लपला होता, तो आणखी खाली सरकला.

"पोरं भुकेली आहेत, वहिनी," मधला म्हणाला. "ऊठ ना. तुझा हात लागला की अर्ध्या तासात होईल."

वहिनीचे पाय सवयीने जमिनीला टेकले. उठलेच असते. तिने ते उचलून परत मशीनच्या पायडलवर ठेवले आणि जोरात चालवले.

मग स्वयंपाकघरात जे झालं ते विचारू नका. कांदा चिरताना मधला असा रडला की शेजारीण विचारपूस करून गेली.

"मीठ कुठं आहे गं?" आतून हाक आली.

"शोधा. मलाही कुणी दाखवलं नव्हतं."

सापडलं नाही. पहिलं ताट नणंदेने वहिनीपुढे आणून ठेवलं, मान खाली घालून. भाजीची वाफ वहिनीच्या चष्म्यावर चढली. एवढ्या वर्षांत सगळ्यांचं उरकून ती जेवायला बसायची, तेव्हा वाफ कधीच गेलेली असायची.

"सापडलं!" धाकटा डबा घेऊन धावत आला. "घालू?"

"राहू दे," वहिनी म्हणाली. "गार होईल."

चष्मा न पुसताच तिने पहिला घास घेतला.