आईच्या तिथीचं बुकिंग

तुम्ही माझ्या तोंडातून 'नाही' काढून घेतलंत. आमच्याकडे याला चोरी म्हणतात. तुमच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर सुधारणा म्हणत असतील.

मी कोरियात, देजॉनमध्ये राहतो आणि ऑनलाइन चिनी बोलायला शिकवतो. शिकणारे तुमच्या ॲपवर वेळ धरतात, मी हेडफोन चढवून बसतो. यावरच घर चालतं. गेल्या वसंतात तुम्ही ॲप नव्यानं मांडायला काढलंत आणि आम्हा शिक्षकांना बोलावून कॉफी पाजलीत. तुमच्याकडे स्क्रीन आखणारी हेरिम नावाची मुलगी आहे. तिनं पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. काय हवं ते लिहा, भिंतीला चिकटवा. मी लिहिलं, 'तास वाढवण्याआधी शिक्षकाला विचारा.' हेरिमनं त्या चिठ्ठीचा फोटो काढला. आम्ही खूश. आपलं कुणीतरी ऐकतंय म्हणून केकही जास्त खाल्ला.

नवं ॲप आलं. शिकणाऱ्यानं एक बटण दाबलं की तास पुढं वाढतो. शिक्षकाची पुढची वेळ मोकळी दिसली की झालं, त्याला विचारायचं कशाला? तास संपवायचं बटण आमच्या स्क्रीनवरून गायबच. आणि बुकिंग नको म्हणायला जावं तर एक गुलाबी अस्वल येतं, डोळ्यांतून टपटप पाणी गाळत. "सर, विद्यार्थी तुमची वाट बघतोय!" खाली टपोरं पिवळं बटण, 'शिकवतो.' नकार कुठं आहे म्हणाल, तर त्याच्याखाली, राखाडी पाटीवर राखाडी अक्षरांत. माझ्या चष्म्यालाही दिसत नाही.

आता माझा गाढवपणा सांगतो. ॲपनं एकदा विचारलं, "गेल्या वर्षी या दिवशी सुट्टी घेतली होतीत. यंदाही घ्यायची?" ती सुट्टी आईच्या तिथीची होती. मला भरून आलं हो. यंत्राला माझ्या आईची आठवण आहे! मी 'हो' दाबलं आणि निर्धास्त झालो. पण तिथी चालते चंद्रावर आणि तुमचं ॲप चालतं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. यंदा आईची तिथी दीड आठवडा अलीकडे आली होती, आणि मला पत्ता नाही.

धाकट्या बहिणीचा, योनसोचा, फोन आला.

"दादा, मासे मी आणते. तू नासपती आण, आणि मागच्यासारखी डाग पडलेली नको. परवा जरा लवकर मोकळा हो."

"परवा काय आहे?"

"आईची तिथी आहे, आणखी काय? घरातला थोरला मुलगा तू का मी?"

थोरला मुलगा मी. उदबत्ती मी लावायची, पहिला प्याला मी ओतायचा. मी नसलो तर ताट नुसतं मांडून ठेवायचं.

धावत ॲप उघडलं. सुट्टी आठवडाभर आधीच मागायची, असा तुमचा नियम. तरी कारण निवडायला दिलं होतं. आजार, अपघात, लग्न, अंत्यविधी. तिथी नाहीच. देशातल्या घराघरांत जी असते, ती तुमच्या यादीत नाही! मी अंत्यविधी दाबलं. मृत्यूचा दाखला मागितला. आईचा दाखला चढवला. अस्वल म्हणालं, "क्षमस्व! हा दाखला जुना झाला आहे."

मी हेरिमला फोन लावला.

"सर, माझ्या आराखड्यात 'नाही'चं बटण होतं. चांगलं ठळक होतं. वरच्या साहेबांनी काढून टाकलं."

"का?"

"'नाही' दिसलं की लोक दाबतात, म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार, सर? मला अस्वल आणखी गोड करायला सांगितलं."

तिथीच्या दिवशी माझा तास सातपर्यंत होता. पुढचे तास अजून कुणी धरले नव्हते. सातला तिथी करायची ठरली. आंदोंगहून काका आले, काळा सूट घालून. बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या गावात तिथीला खजूर ताटात कुठल्या बाजूला ठेवायचा यावरून भाऊ भाऊ अबोला धरतात. बाहेरच्या खोलीत योनसो ताट मांडत होती. मी आतल्या खोलीत दार लावून नामगुंग साहेबांना शिकवत होतो. गृहस्थ भला. कंपनी त्यांना चीनमध्ये छिंगदाओला पाठवतेय, म्हणून जीव तोडून शिकतात. सात वाजले. साहेबांनी हसून बटण दाबलं. तास वाढला.

बंद करा म्हणायची मला मनाई. तुमचं यंत्र आमचं बोलणं ऐकतं. मध्येच उठलो तर 'पळालेला शिक्षक' म्हणून यादीतून नाव जातं, मग कोण बुकिंग करतंय? मी बाजारात कोळंबीचा भाव कसा विचारायचा ते शिकवत राहिलो. दारावर योनसोची टकटक. पुन्हा टकटक. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं.

दार उघडून काकाच आत आले.

"कोण आहे रे हा? राष्ट्राध्यक्ष?"

"विद्यार्थी आहे, काका."

"मग त्याला सांग, वहिनी ताटकळल्यात. सूप गार झालं."

नामगुंग साहेबांना काळा सूट दिसला. उघड्या दारातून मेणबत्त्या दिसल्या, रचलेली फळं दिसली. आपल्या माणसाला एवढं पुरतं. चिनी तिथंच सुटलं.

"सर! घरी तिथी आहे? आणि मी मेला कोळंबीचा भाव करत बसलोय! सांगायचं नाही का? थांबा, बंद करतो." मग जरा वेळानं, "अहो, ते अस्वल आलंय. सरांना वाईट वाटेल म्हणतंय. पिवळं बटण दाबू ना?"

"पिवळं नको!"

त्यांनी दाबलं होतं. तास आणखी वाढला.

"फोनच बंद करतो, सर."

"नको, साहेब. लाइन कुणाकडूनही तुटो, नावावर माझ्याच चढते."

काका आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होते. "दोन बाप्ये," म्हणाले, "आणि एका अस्वलाला घाबरतात."

"तुम्ही जा, सर," साहेब म्हणाले. "मी इथं गप्प बसतो. मीही इथूनच मान झुकवतो."

मी हेडफोन काढून ठेवला आणि गेलो. उदबत्ती लावली. प्याला ओतला. पहिला नमस्कार झाला. दुसऱ्याला कपाळ जमिनीला टेकलं, आणि आतून तुमचा तो लाडिक आवाज आला. "सर, आहात ना? हजर असाल तर बटण दाबा! दहा... नऊ..."

मी उठलो.

आईच्या फोटोसमोरून, कपाळ टेकलेलं असताना, मी उठलो आणि पळत जाऊन बटण दाबलं. स्क्रीनवर नामगुंग साहेब मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ते बरं केलं त्यांनी.

परत आलो तर योनसो अजून वाकलेलीच. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही. काका सरळ उभे होते.

"माझ्या बापानं मला सगळं शिकवलं," ते म्हणाले. "खजूर कुठं, मासा कुठं, प्याला किती भरायचा. पण अर्ध्यावरून उठून गेलेला मुलगा परत आला, तर नमस्कार कुठून सुरू करायचा, हे नाही शिकवलं. आमच्याकडे असं कुणी उठलंच नव्हतं. सांग, कुठून करायचा?"

आत पुन्हा आकडे मोजायला सुरुवात झाली.

काका आंदोंगला गेले. फोन उचलत नाहीत. त्यांचा प्रश्न आता तुमच्याकडे पाठवतोय, कारण मला तिथून उठवलंत ते तुम्ही. अस्वल पाठवू नका. हेरिमला पुढं करू नका. तुम्ही स्वतः सांगा, तो नमस्कार मी कुठून सुरू करू?