रुमालाखालचा भाव

मी एक जुना रुमाल आहे, आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, धंदाच तसा होता माझा. बेल्ह्याच्या बैलबाजारात भागुजी दलालांच्या खांद्यावर मी वीस वर्षं काढली. मी जाडाभरडा, आरपार काही दिसत नाही, म्हणून त्यांनी मला निवडलं. घेणारा आणि विकणारा माझ्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. भोवती माणसं टपलेली असायची, पण आकडा कळायचा दोघांनाच.

दोन हजार पाच साली भागुजींच्या मुलीने, रत्नाने, नारायणगावात संगणक केंद्र उघडलं. यंत्र आणि त्यावरचा जनावरांचा बाजार एका कंपनीचा. जनावराचा फोटो टाका, घरबसल्या गिऱ्हाईक मिळवा, सगळं फुकट.

"फुकट देतोय, तर त्याचं पोट कशावर चालतंय?" भागुजींनी विचारलं.

"आबा, घेणारे असतील तिथं इकणारे येत्यात, आन् इकणारे असतील तिथं घेणारे. तुमी तरी रिकाम्या मैदानात बैल नेता का?"

पोरीचं खरं होतं. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. गर्दीमुळे जागेला मोल येतं, पण ही जागा कुणाची?

तीन वर्षांत बाजार ओस पडला. मी घाम पुसण्यापुरता उरलो. लई वाईट वाटायचं.

मग एकदा भागुजी मला खांद्यावर टाकून केंद्रात बसले असताना हौशीराम नावाचा शेतकरी आला. वासरापासून वाढवलेली बैलजोडी विकून त्याला विहिरीवर मोटर बसवायची होती, आणि मोटरीला पस्तीस हजार लागणार होते. त्याने मागणी सांगितली चाळीस. 'कमीत कमी किती' या रकान्यासाठी तो रत्नाच्या कानाशी वाकून म्हणाला, "अगदीच अडलं तर तीस." तिने तसं भरलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रापुढेच जोडी बघायला व्यापारी आला. बैलांचे दातही न बघता म्हणाला, "तीस." मागून आलेले दोघेही तिसावरच अडून बसले. मैदानात गिऱ्हाईक उरलं नव्हतं. हौशीरामने जोडी दिली. मोटर राहूनच गेली.

"आमी कंपनीला वर्गणी भरतो, पावणं," व्यापारी हसत म्हणाला. "आमाला समदे रकाने दिसत्यात."

भागुजींनी लेकीकडे पाहिलं. "त्याचा शेवटचा आकडा तू कुणाला सांगितलास?"

"कुणालाच न्हाई, आबा. फक्त कंप्युटरला."

पुढच्या शेतकऱ्याच्या वेळी रत्नाने तो रकाना मोकळा सोडला. यंत्र पुढे सरकेना.

मित्रांनो, माझं सूत विरलंय, मला जपू नका. पण कुणी दोन हात फुकट जुळवून देतो म्हणाला, तर तिसरा हात कुणाचा, ते आधी चाचपून बघा.