माझा वेग एकाहत्तर

मी एक जुनी वेगवान बोट आहे. माझी लांबी अठ्ठावीस फूट, जन्म १९८९चा, आणि पोटात आठ-आठ सिलिंडरची दोन पेट्रोल इंजिने. माझ्या पाठीवर निळ्या अक्षरांत ‘मिस नोरीन’ असे नाव लिहिलेले आहे. हे सगळे आधीच सांगते, कारण माझी किंमत ठरवायला येणारी माणसे नेमके हेच वाचत नाहीत.

माझा जन्म फ्लोरिडातल्या एका पत्र्याच्या छताच्या कारखान्यात झाला. अकरा माणसांनी साच्यात फायबरचे थर हाताने अंथरले आणि प्रत्येक थरातली हवा लाटण्याने दाबून काढली. मुकादम रोज संध्याकाळी माझ्या अंगावर नाणे आपटून कान लावायचा. आवाज बसका आला की तो भाग खरवडून पुन्हा करायला लावायचा. मित्रांनो, माझ्या अंगात दोष राहिला नाही तो त्या नाण्यामुळे.

सहा वर्षांनी मिसुरीतल्या व्हर्लिन हाउप्ट यांनी मला विकत घेतले. ते नळकाम करणारे. ओझार्क्सच्या तलावावर त्यांचे घर आणि स्वतःचा धक्का होता. त्यांनी पत्नीचे नाव माझ्यावर रंगवले, तेव्हा नोरीनबाई म्हणाल्या होत्या, “निदान तिच्यावर तरी दर रविवारी मेण लाव, माझ्यावर तर कधी लावलं नाहीस.” त्यांनी खरोखरच दर रविवारी मेण लावले. तलावावरच्या पत्त्यांच्या शर्यतीत, जिथे पाच धक्क्यांवर थांबून पाच पत्ते उचलायचे असतात आणि ज्याचे पत्ते भारी तो जिंकतो, तिथे मी तीनदा सगळ्यांत आधी पोचले. पत्ते तिन्ही वेळा भिकार लागले, तो दोष माझा नाही.

“ताशी अठ्ठ्याहत्तर मैल!” मालक धक्क्याधक्क्यावर सांगायचे. मी ते ऐकून फुगायची.

मग मालकांच्या कमरेची शस्त्रक्रिया झाली. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले होते आणि धक्क्यावरून माझ्यात उतरताना त्यांचा पाय थरथरू लागला. मार्चमध्ये त्यांनी जाहिरात दिली : वेग अठ्ठ्याहत्तर, किंमत चौतीस हजार डॉलर.

“चौतीस?” नोरीनबाई म्हणाल्या. “अरे, एवढ्यात तर लोक मलाही सोबत मागतील.”

“इंजिनं नव्यानं बांधायलाच मी एकवीस हजार घातलेत. त्यानंतर एकशे चाळीस तासच चाललीत ती.”

“घातलेस, कारण तुला मजा येत होती.”

सहा आठवड्यांत दोनच फोन आले. दोघांनीही विचारले, बोट वाहून न्यायचा ट्रेलर सोबत मिळेल का. मग डॅरेल ओकम आला. हा माणूस जुन्या बोटी घेऊन त्यांचे भाग विकतो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अंगणातल्या ट्रेलरभोवती मात्र दोन फेऱ्या मारल्या.

“ट्रेलर झकास आहे, व्हर्लिन. इंजिनं, पाण्यातले पंखे आणि ट्रेलर मिळून एकोणीस हजार, रोख. खोकं करवतीनं कापून कचऱ्यात टाकीन, त्याचे काही पैसे नाहीत हं.”

खोके! अकरा माणसांनी हाताने घडवलेल्या मला तो खोके म्हणाला.

“शनिवारी तीनला येतो,” डॅरेल म्हणाला. “तोवर दुसरं कुणी शहाणं भेटलं तर त्याला द्या. भेटणार नाही.”

मालकांनी मान डोलावली. तो गेल्यावर नोरीनबाई दारातूनच म्हणाल्या, “माझ्या नावाच्या बाईचे तुकडे करून विकणार होय रे तू?”

शुक्रवारी फोन वाजला. सेडेलिया गावात कापणीची यंत्रे दुरुस्त करणारी मेरिबेथ ग्रुबर शनिवारी सकाळी नऊला बघायला येणार होती. आणि इथेच माझ्या मालकांनी चूक केली. पाहुणी आली की मी पहिल्या झटक्यात सुरू व्हावे, म्हणून त्यांनी सात वाजताच मला पाण्यात उतरवून वीस मिनिटे इंजिने चालवली आणि पुन्हा धक्क्यावरच्या उचलयंत्राने वर टांगून ठेवले. त्यात लबाडी नव्हती. लेकीला बघायला येणार म्हटल्यावर बाप तिचे केस विंचरतो, तसलाच तो प्रकार होता.

मेरिबेथ ठरल्या वेळी आली. चाळिशीची, उंच, बोटांना तेलाचा कायमचा काळेपणा. तिने आधी लहानशी प्लास्टिकची हातोडी काढली आणि पुढच्या टोकापासून मागच्या फळीपर्यंत माझ्यावर ठोकत गेली. टण्, टण्, टण्. कुठेच बसका आवाज नाही. मला मुकादमाचे नाणे आठवले. मग तिने इंजिनाचे झाकण उघडून धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

“मिस्टर हाउप्ट, हे गरम आहे.”

“हो, सकाळी जरा चालवली.”

“का?”

“का म्हणजे? तुम्ही येणार म्हणून.”

“माझ्या धंद्यात गिऱ्हाईक यायच्या आधी मशीन गरम करतात, ते थंड असताना सुरू होत नसलं की.” तिने झाकण लावले. “जाहिरातीत हव्या त्या किमती सगळेच लावतात. मी विकल्या गेलेल्या बोटींच्या किमती बघते. अशा तीन बोटी यंदा गेल्या : एकवीस, चोवीस आणि सव्वीस हजार. गरम इंजिनाला मी बावीस देईन.”

मालकांचा चेहरा लाल झाला. “बावीस? बाई, माझ्याकडे एकवीस हजारांची नुसती इंजिनाची बिलं आहेत!”

“तो खर्च तुमच्या हौसेचा. त्याचे पैसे मी का देऊ?”

“मग नका देऊ. रस्ता आलात तसाच आहे.”

ती खरेच निघाली होती. नोरीनबाईंनी हाक मारली, “अहो, साठ मैलांवरून आलात, निदान खाऊन तरी जा. आणि व्हर्लिन, तू गप्प बस. इंजिन थंड व्हायला किती वेळ लागतो?”

“चार-पाच तास,” दोघेही एकदम म्हणाले.

ठरले. झाकणे उघडी ठेवायची, एप्रिलचा गार वारा आत येऊ द्यायचा आणि दोन वाजता मेरिबेथने स्वतः चावी फिरवायची. तीनला डॅरेल येणार होता. मित्रांनो, ते पाच तास मी पाण्यावर टांगून होते, आणि माझे आयुष्यही तसेच टांगलेले होते.

धक्क्यावरच्या टेबलावर डुकराच्या तळलेल्या मांसाचे सँडविच आले. मांस पावाच्या चहूकडे बाहेर येणारे, इकडे असते तसे. बिलांची फाइल मालकांनी रागानेच तिच्यासमोर आपटली. तिने बिले बाजूला सारली. खाली एक तेलकट वही होती. ती मात्र तिने पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

त्या वहीत दर एप्रिलला सोळाही सिलिंडरांचा दाब लिहिलेला होता, सगळे आकडे एकाच हस्ताक्षरात. तेल कधी बदलले ते होते. २०११ सालच्या पानावर होते, ‘उथळ पाण्यात नेली. चूक माझी. तळ घासला, दीड फूट, दुरुस्त केला.’

“हे जाहिरातीत नव्हतं,” मेरिबेथ म्हणाली.

“वहीत आहे ना.”

तिने पान उलटले, थांबली आणि मोठ्याने वाचले, “‘ऑगस्ट २०१४. काट्यावर अठ्ठ्याहत्तर. जीपीएसवर वेग मोजला, एकाहत्तर. काटा खोटा.’ मिस्टर हाउप्ट, जाहिरातीत किती म्हणालात?”

नोरीनबाईंच्या हातातला ग्लास टेबलावर आला. “व्हर्लिन! इतकी वर्षं अठ्ठ्याहत्तर म्हणून माझं डोकं खाल्लंस आणि तुला माहीत होतं?”

“काट्यावर तेवढंच दिसतं,” मालक पुटपुटले.

“माझ्या वजनकाट्याबद्दल मी हेच बोलते तेव्हा ऐकतोस का?”

मेरिबेथ हसता हसता वाकली. मला मात्र हसू येईना. एकाहत्तर! तीन शर्यतींत सर्वांत आधी पोचलेली मी, इतकी वर्षे दुसऱ्याच कुणाच्या वेगावर मिरवत होते.

मेरिबेथने वही मिटून हात तिच्यावर ठेवला. “जो माणूस जाहिरातीत सात मैल फुगवतो आणि वहीत खरं लिहितो, तो वहीतल्या बाकी आकड्यांबद्दल खोटं बोलत नसणार. सकाळी मी तुम्हाला लबाड समजले. पण चावी मी फिरवणारच.”

“फिरव,” मालक म्हणाले. तोवर ते ‘तू’वर आले होते. “डाव्या इंजिनाला हातानं तीनदा पेट्रोल दे, उजव्याला दोनदा. जास्त नको, पेट्रोलात बुडतील.”

दोन वाजता मला पाण्यात उतरवले. तिने नळीवर हात ठेवून पाहिला, ती दगडासारखी गार होती. तीनदा, मग दोनदा. उजवे इंजिन पहिल्याच झटक्याला गरजले. डावे दोनदा फिरून थांबले. मालकांनी धक्क्याचा खांब घट्ट धरला. तिसऱ्या वेळी डावे खोकले, खोल श्वास घेतला आणि सुरू झाले.

मेरिबेथ मला मोकळ्या पाण्यात घेऊन गेली. मी पुढचे अंग उचलले, मग पाण्यावर सपाट झाले आणि सुटले. परत येऊन तिने फोन मालकांना दाखवला. “एकाहत्तर पूर्णांक दोन दशांश. वयाच्या मानानं एक कणही घसरलेली नाही.”

“अठ्ठावीस हजार,” मालक म्हणाले. “सात मैलांचे सहा हजार मी कमी केले.”

“सव्वीस. आणि वही माझी.”

“वहीसकट सत्तावीस.”

“सत्तावीस. पण बिलं नकोत, ती तुमच्या हौसेची.”

त्यांनी हात मिळवले तेव्हा डॅरेल ओकम फाटकातून आत येत होता. इंजिने अजून चालू होती. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. “चांगली वाजते की,” तो म्हणाला.

“खोकं आहे ते,” नोरीनबाई म्हणाल्या. “तुला काय करायचंय?”

संध्याकाळी मेरिबेथने दाब मोजून वहीत आपल्या अक्षरात पहिली ओळ लिहिली : तारीख, दाबाचे सोळा आकडे आणि वेग ७१.२.

मित्रांनो, तुमच्याजवळही एखादी जुनी वस्तू असेल. तिला पुसा, तिचे तेलपाणी बघा आणि तिच्याबद्दल खरे असेल ते लिहून ठेवा, तुमच्या चुकांसकट. तिला दुसऱ्यांसमोर उभी करताना आधीच गरम करू नका. ती थंडीतून स्वतः उठू शकते की नाही, ते त्यांनाच बघू द्या. आणि ओझार्क्सच्या तलावावर कुणी माझा वेग विचारला तर कृपा करून फुगवू नका. एकाहत्तर सांगा. तो माझा स्वतःचा आहे.