मे महिन्यात मोजलेली सावली

सणसवाडीत हायवेपासून दोन गल्ल्या आत मच्छिंद्र दरेकरची जागा होती. कंपन्यांत कामाला आलेल्या माणसांना खोल्या पुरत नव्हत्या, म्हणून त्यानं तिथं भाड्याच्या खोल्यांची इमारत काढली. दोन मजले उभे राहिले आणि तिसऱ्याची तयारी सुरू झाली, तेव्हा शेजारचे महबूबभाई पिंजारी त्याला भेटायला आले.

इमारतीच्या उत्तरेला महबूबभाईंचा गादी कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, कापूस पिंजायचं एक मशीन आणि शेडपुढं पंचवीस फुटांचं अंगण. लोक जुन्या गाद्या आणून टाकत. त्यांतला दमट, गोळे झालेला कापूस आधी कडक उन्हात वाळवावा लागे, त्याशिवाय मशीन तो घेत नसे. महबूबभाईंचं म्हणणं एवढंच होतं, की तिसरा मजला चढला तर अंगणातलं ऊन जाईल.

मे महिन्याचा मध्य होता. दुपारचे साडेबारा वाजले होते. मच्छिंद्रनं त्यांना हाताला धरून अंगणात नेलं आणि आपल्या इमारतीच्या भिंतीचा पायथा दाखवला. सावली नावालाही नव्हती. दोघांच्या स्वतःच्या सावल्यासुद्धा चपलांखाली दडल्या होत्या.

"दोन मजल्यांची सावली न्हाई, तर तिसऱ्याची कुठनं पडंल?" मच्छिंद्र म्हणाला. "महबूबभाई, तुमच्या उन्हाला माझ्याकडनं धक्का लागणार न्हाई. ह्यो माझा शब्द हाय."

महबूबभाईंनी भिंतीकडं पाहिलं, वर पाहिलं आणि मान डोलावली. ग्रामपंचायतीत हरकत घ्यायचा विचार त्यांनी सोडून दिला. थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलतो हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं. पण डोळ्यांसमोर स्वच्छ ऊन पडलेलं असताना ते त्या घटकेला कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तिसरा मजला झाला. पावसाळ्यात रंग लागला आणि खोल्या भरल्या. दसऱ्याला सावली अंगणात शिरली. दिवाळीला ती निम्म्याच्या पुढं गेली आणि मार्गशीर्षात शेडच्या पत्र्याला जाऊन टेकली. नेमकी लग्नसराई तोंडावर आलेली, गाद्यांचं काम वाढलेलं.

महबूबभाई भांडायला आले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मच्छिंद्र, जरा अंगणात येऊन बघ." तो हो म्हणाला आणि आठ दिवस गेला नाही. त्याच्या बायकोचं, साळूबाईचं म्हणणं पडलं की लिहून कुठं काय दिलंय, ऊन काय कुणाच्या सातबाऱ्यावर असतं का. मच्छिंद्रला ते पटत होतं, पण पटूनही जेवण गोड लागत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी तो हायवेकडं निघाला होता. रस्त्याच्या कडेला महबूबभाईंची बायको हमीदा ताडपत्री पसरून कापूस उलटापालटा करत बसलेली दिसली. शेजारून कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरबरोबर धुळीचा लोट त्या कापसावर बसत होता. तिनं मच्छिंद्रला पाहिलं, पदर सारखा केला आणि पुन्हा काम धरलं. मच्छिंद्र तिथनंच माघारी वळला.

त्याची सून मोनाली शिक्रापूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. रविवार होता, म्हणून ती घरी होती. मच्छिंद्रनं तिला विचारलं की मे महिन्यात भिंतीला सावलीच नव्हती, मग आता हे झालं कसं. मोनाली एक फूटपट्टी घेऊन त्याच्याबरोबर गच्चीवर गेली. साडेबाराला तिनं पट्टी उभी धरली आणि त्याला सावली मोजायला लावली. ती जवळजवळ अकरा इंच भरली.

"एका फुटाला अकरा इंच," मोनाली म्हणाली. "आता इमारत तेहेतीस फूट आहे, तुम्हीच हिशेब करा, मामा."

मग तिनं सांगितलं, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती कललेली. मे महिन्यात आपली बाजू सूर्याकडं झुकलेली असते, म्हणून तो डोक्यावर येतो. आता पृथ्वी फिरून सूर्याच्या पलीकडं गेलीय. कल तोच, पण त्यामुळं आपली बाजू सूर्यापासून दूर झुकलीय. इमारत आहे तिथंच आहे, जमीनच दुसरीकडं गेलीय.

मच्छिंद्रनं तिच्या हातातली पट्टी घेतली.

"म्हंजी मी खोटं बोललो न्हाई."

"नाही. पण तुम्ही एकाच दिवसाचं मोजलंत आणि शब्द वर्षाचा दिलात."

त्यानं मान वर केली. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऊन पडलं होतं आणि दोन-चार भाडेकरूंचे कपडे सोडले तर सगळी जागा रिकामी होती.

त्याच दुपारी तो महबूबभाईंकडं गेला. माफी वगैरे शब्द त्याच्या तोंडात बसणारे नव्हते. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत गच्ची तुमची, एवढंच त्यानं सांगितलं. महबूबभाईंनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि तीन मजले कापसाचे गठ्ठे घेऊन चढायचं वय राहिलं नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं बांधकामावरची कप्पी कठड्याला बसवून घेतली. खालून गठ्ठा बांधायचा, वरून दोर ओढायचा. पहिला गठ्ठा त्यानं स्वतः ओढला आणि रात्री त्याची पाठ धरली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. माघात वारा सुटला की कापूस उडून भाडेकरूंच्या ओल्या कपड्यांना चिकटायचा. दोन खोल्या त्यापायी रिकाम्या झाल्या. उन्हाळ्यात मोबाईल टॉवरवाले गच्ची मागायला आले, भाडंही चांगलं देत होते. त्यांना बारा महिने जागा हवी होती, म्हणून मच्छिंद्रनं त्यांना परत पाठवलं. साळूबाई त्यावरनं महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. गावात लोक हसले आणि नंतर विसरले.

पुढच्या मार्गशीर्षात एका दुपारी महबूबभाई जिन्यानं दोनदा थांबत वर आले. मच्छिंद्र गच्चीवरच होता. मोनाली वाळलेले कपडे काढत होती. महबूबभाईंनी तिला विचारलं, की ही जमीन फिरते म्हणतात ती चालते तरी किती वेगानं.

"इथून दौंड जितकं लांब आहे ना चाचा, तेवढं अंतर पृथ्वी दोन सेकंदांत जाते," ती म्हणाली. "आणि सूर्यसुद्धा थांबलेला नाही. तो आपल्या सगळ्यांना घेऊन पुढं चाललाय."

"कुठं?"

"तो आकाशगंगेच्या मधल्या भागाभोवती फिरतोय. एका फेरीला वीस-पंचवीस कोटी वर्षं लागतात."

मच्छिंद्रला ते खरं वाटलं नाही, पण मोनालीशी वाद घालून उपयोग नसतो हे त्याला आता कळलं होतं. कापसाला एका बाजूनं पुरेसं ऊन लागलं होतं. त्यानं काठी घेतली आणि तो उलटायला सुरुवात केली.