पांघरुणात उतरलेला ताप

लाँड्रीच्या मागच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. इस्त्र्या थंड पडल्या होत्या आणि गिऱ्हाइकं कपडे विसरून माना उंचावत होती. मधोमध खाटेवर सातव्या महिन्यातली सून करड्या पांघरुणाखाली कुडकुडत होती. उशाशी पांघरूणबाबा डोळे मिटून तापाला दम देत होते.

"उतर! मुकाट्याने उतर, नाहीतर गठडी वळीन तुझी!"

ताप लगेच ऐकत नसे, आणि बाबांनाही घाई नसे. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी. तोवर बाबांचे दोन चहा होत. शेवटी सुनेला दरदरून घाम फुटला, की ओलं पांघरूण उंच धरून ते गर्जत, "हा पाहा, पांघरुणात उतरला!" दुसऱ्या दिवशी सून खरोखर उठून बसे. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी वाजली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तो गेला. हा त्याचा धाकटा भाऊ."

आज आणखी एक भाऊ आला होता.

"घराणं मोठं दिसतंय," धुतलेले कोट न्यायला आलेल्या नर्सबाई म्हणाल्या. "मालकीणबाई, पोरीचे डोळे बघा, पांढरेफटक पडलेत. रक्त तपासू द्या."

मालकीण म्हणजे सुनेची सासू. चहाचा डाग म्हणून शाईचा डाग तिच्या गळ्यात मारणं कुणाला जमलं नव्हतं. पण मागच्या खेपेला नातवंड पोटातच गेलं, तेव्हापासून तिची हुशारी घडी घालून कपाटात गेली होती.

"अहो, उतरतोय ना ताप? बाबामहाराजांचं मंतरलेलं पांघरूण आहे ते. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना घालतो तो खुणेचा टाकासुद्धा घातला नाही मी त्याला!"

तेवढ्यात सुनेला घाम फुटला. बाबांनी पांघरूण उंचावलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका चमकला.

सासू पुढे सरसावली. "ही तर हॉटेलची खूण!"

तिचा मुलगा चाचरला. "आई, करडी सगळी सारखीच दिसतात गं. महाराजांचं परवा हॉटेलच्या ढिगात गेलं असणार."

"म्हणजे?"

"सोड्यात उकळून हॉटेलात पोचलं."

"माझी शक्ती याही पांघरुणात शिरली!" बाबा ओरडले.

"मग हॉटेलात मुक्कामाला कोण गेलं, महाराज?" नर्सबाईंनी विचारलं. हशा पिकला. त्या हशात बाबा चपला शोधू लागले.

"हा हिवताप," नर्सबाई म्हणाल्या. "डास चावून जंतू रक्तात जातात. ठरावीक वेळाने उसळले, की थंडी, ताप आणि घाम. घामाबरोबर ताप आपसूक उतरतो, गोधडी घ्या नाहीतर गोणपाट. जंतू मात्र आतच राहतात. आईचं रक्त आटवतात, गर्भाच्या वारेत दडून बाळाचं पोषण तोडतात. बाळ अशक्त होतं, दिवस भरायच्या आत जन्मतं, कधी दगावतंही."

सून क्षीण आवाजात म्हणाली, "आई, कालपासून बाळ फार कमी हलतंय."

सासूने गिऱ्हाइकांकडे पाहिलंही नाही. शटर ओढलं आणि सुनेला रिक्षात बसवून थेट दवाखाना गाठला. रक्तात जंतू सापडले. डॉक्टरांनी गरोदरपणात चालणारी औषधं दिली आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं. नात जन्मली ती वजनाने जरा हलकी, आवाजाने मात्र चांगली दणदणीत.

आता पोटुशी गिऱ्हाईक दिसलं, की सासू कपडे बाजूला सारून आधी विचारते, "मच्छरदाणी लावतेस ना? आणि थंडी वाजून ताप आला, तर उतरला म्हणून घरी बसू नकोस. उतरलेला ताप गेलेला नसतो, बाई. त्याच दिवशी रक्त तपासून घे."