तीनदा परत आलेला अर्ज

अनुश्रीला शहराबाहेरच्या भनपुरीत बियरचा छोटा कारखाना काढायचा होता. राज्य नवं झालं, पण कायदा जुनाच. परवाना फक्त मोठ्या कारखान्यांना. तिचा अर्ज तीनदा परत आला. तिचे वडील पांडुरंगराव निवृत्त आबकारी निरीक्षक. पोरीनं दारूच्या धंद्यात पडावं, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

तरी ते तिच्यासोबत आमदारांकडे गेले. आमदार ब्राह्मणपारा या शहरातल्या जुन्या वस्तीतल्या मराठी घरचेच. छोट्या कारखान्यांनाही परवाना मिळावा, हे तिचं निवेदन वाचून ते म्हणाले, "कायदा सैल केला तर गल्लोगल्ली दारू बनेल."

"बनूनच राहिली, साहेब," पांडुरंगराव म्हणाले. "तीस वर्षं हाच कायदा राबवला मी. लोक लपून बनवत राहिले, अन् ते विष पिऊन मेलेली माणसं मी पाहिली. परवाना द्या, म्हणजे तपासताही येईल."

आमदारांनी निवेदन पुन्हा हातात घेतलं.

"अधिवेशनात मांडतो मी हे. विधानसभेच्या समितीपुढं असंच बोलाल?"

"हव, बोलीन."

बाहेर आल्यावर अनुश्रीनं विचारलं, "बाबा, तुम्ही तर विरोधात होते. मग काहून बोलले?"

"विरोधात अजूनही आहो. पण तुले नाही म्हणायचं खरं कारण मले सापडून नाही राहिलं."

अनुश्री हसली. त्याच संध्याकाळी दोघं मिळून समितीसाठी टिपण लिहायला बसले.