देवरावची शिदोरी

गोंडपिपरीहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाबाहेर, जंगल-मजुरांच्या संघटनेनं एक कौलारू घर बांधलं होतं. पाटीवरचं नाव भारदस्त होतं. पण गाव त्याला चर्चाघरच म्हणायचं, आणि गावाचं काही चुकत नव्हतं. तिथं सगळ्याचीच चर्चा व्हायची. जंगलातल्या मजुरीची, नव्या कायद्यांची, बायकांनी बैठकीत पुढं बसावं की नाही याची. एकदा तर पाण्याचा रांजण दाराच्या डाव्या अंगाला ठेवावा की उजव्या, यावर अख्खी दुपार गेली. निर्णय होईस्तोवर रांजणातलं पाणीच संपलं होतं.

या घरात बायनाबाईची जागा ठरलेली, मधल्या खांबाशी. तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तिचा नवरा देवराव डेपोत ट्रकवर सागाचे ओंडके चढवताना ओंडक्याखाली आला आणि जागीच गेला. ठेकेदारानं लिहून दिलं, गडी दारू पिऊन होता. देवरावनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. तेवढं खरं करून दाखवायला संघटना तिच्या पाठीशी उभी राहिली आणि तिचा कार्यकर्ता भैयाजी बायनाबाईला घेऊन चंद्रपूरच्या चकरा मारू लागला. भैयाजी वणीकडचा, ज्वारीच्या मुलखातला, मास्तरकी सोडून इथं येऊन राहिलेला. माणूस सोन्यासारखा. त्यानंच तिची हकिगत लिहून काढली, पत्रक छापलं. तेव्हापासून नवे पाहुणे आले की बायनाबाई खांबाला टेकून ती हकिगत सांगायची.

पहिल्यांदा सांगताना ती ऊर फुटेस्तोवर रडली. दहाव्यांदा डोळे नुसते ओले झाले. पुढं पुढं ती सांगता सांगता छपराची कौलं मोजू लागली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, सगळं अंगवळणी पडलं. "सकाळी मी भाकर बांधून देली, अन् दुपारी लोकायनं ते फडक्यातली भाकर जशीच्या तशी वापस आणली," या वाक्याला पाहुण्यांचे डोळे हटकून भरून यायचे. तिचे नाही. लोक म्हणत, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! आत काही उरलंच नव्हतं. स्वतःला चिमटा घेतला तरी दुसऱ्या कुणाला घेतल्यासारखा वाटायचा.

त्या गुरुवारी नागपूरहून कॉलेजची पाच-सहा मुलंमुली येणार होती, टेपरेकॉर्डर घेऊन. आणि भैयाजीनं पलीकडच्या गावातून शकूला आणलं होतं. शकू बावीस-तेवीस वर्षांची. महिन्यापूर्वी तिचा नवरा दसरू झाड तोडायला गेला आणि त्याच झाडाखाली सापडला. ठेकेदार तोच आणि कागदावरचं वाक्यही तेच, गडी पिऊन होता.

"बायनाबाई, तिले जरा सांगून ठेवा, कसं बोलाचं ते," भैयाजी म्हणाला. "लोकायपुढं घाबरते ते. पहिल्यापासून सांगाचं, काई सुटू नाई द्याचं."

दोघी मागच्या अंगणात चुलीशी बसल्या. चुलीवर कोरा चहा उकळत होता.

"सकाळपासून सांग," बायनाबाई म्हणाली.

"सकाळी काय झालं, बाई? काईच नाई झालं. मी त्याईले शिदोरी बांधून देली. भात अन् आंबाडीची भाजी. भाजीत मीठ जास्ती पडलं होतं. बोटानं चाखून मले म्हणे, आज मीठ सस्तं झालं का वं?" शकूला हसू आलं, आणि हसता हसताच ती पदर तोंडात कोंबून रडू लागली.

 बायनाबाईनं विचारलं, "भात? भाकर नाई?"

"आपल्याकडं भाकर कोन बांधून देते, बाई? सारा धानाचा मुलूख. तुमी देता का?"

बायनाबाई देत नव्हती. कधीच दिली नव्हती. तिच्या घरात ज्वारीचा दाणा सणासुदीलासुद्धा येत नव्हता. मग देवरावला त्या सकाळी काय बांधून दिलं होतं? भातच असणार. पण भातासंगं काय? तिनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात ते फडकं सोडून पाहिलं. आत भाकर होती. दोन काळे डाग पडलेली, कडेला चिरलेली. फडकं पुन्हा बांधून पुन्हा सोडलं. पुन्हा भाकरच. निघताना देवराव काही बोलला होता का? बोलला असेल, दारातून मुकाट्यानं निघणारा माणूस नव्हता तो. पण कान लावला की तिला पत्रक वाचून दाखवणारा भैयाजीच ऐकू यायचा.

तेवढ्यात भैयाजी चहा न्यायला आला.

"भैयाजी, तुमची माय तुमच्या बाबाले वावरात जाताना भाकर बांधून देत होती का?"

"होव, रोज. ज्वारीची. संगं ठेचा." त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "काऊन?"

"काई नाई."

त्याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. तिनं सांगितली होती शिदोरी; त्यानं आपल्या आईच्या हातची भाकर लिहिली, इतकंच. पाहुणे ऐकत गेले, ती सांगत गेली, आणि देवरावची शेवटची सकाळ घरातून कधी गेली ते तिला कळलंसुद्धा नाही.

भैयाजी चहा घेऊन आत गेला, तशी तिनं शकूचं मनगट धरलं.

"आयक पोरी. झाड कसं पडलं, कोन कोन होतं, ठेकेदारानं काय लिवलं, सारं सांग. तुझ्या नवऱ्याचं नाव साफ झालंच पायजे. पन ते भाजीचं, मिठाचं, ते इथी सांगू नोको."

"भैयाजी तं म्हणते, काई सुटू नाई द्याचं."

"त्याले नाई समजत ते. मी सारं सांगून बसली. आता माझ्यापाशी एक बी नाई राह्यलं. तू एक तरी आपल्यापाशी ठेव."

शकूला किती समजलं कोण जाणे. ती नुसती मनगटाकडे बघत होती.

बैठक बसली. गाणं झालं, ओळखी झाल्या, टेपरेकॉर्डर सतरंजीच्या मधोमध ठेवला गेला. आधी बायनाबाईनं सांगितलं. भाकरीपाशी आली तेव्हा तिला वाटलं, आज थांबावं. पण तोंड आपलं आपणच बोलून गेलं. पाहुण्यांतल्या एका चष्मेवाल्या मुलीचे डोळे भरून आले.

मग शकू उठली. घाबरत घाबरत का होईना, पुरतं सांगितलं तिनं. कुऱ्हाड कोणाची, झाड कुठल्या अंगाला कललं, ओरडलं कोण, कागदावर अंगठा कोणी घेतला. भैयाजी मान हलवत होता.

"आणि त्या सकाळी?" चष्मेवाल्या मुलीनं हळूच विचारलं. "घरातून निघताना?"

"शिदोरी घेऊन गेले."

"काय होतं शिदोरीत?"

 टेपरेकॉर्डरचं चाक फिरत होतं. शकूनं खांबाकडे, बायनाबाईकडे पाहिलं, आणि मग त्या मुलीकडे वळून स्पष्ट आवाजात म्हणाली, "भाकर."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. बायनाबाई कौलं मोजायला वर बघू लागली, पण तिला एकही कौल नीट दिसेना. पाणी गालावरून हनुवटीवर आलं तेव्हा कुठं तिला कळलं की आपण रडतोय.